फिगर स्केटिंगच्या टेस्टला हातमोजे चालतात का? लेकीची बोटं पांढरी पडतात

रानजाई (मिनेसोटा)

नमस्कार मंडळी,

विषय जरा आडवाटेचा आहे, पण अमेरिका-कॅनडातल्या कुणाला तरी अनुभव असेल म्हणून इथे विचारते. इंग्रजीत विचारलं की उत्तरं पटापट येतात, पण प्रत्येकाचं वेगळं. शिवाय आपल्या भाषेत मला नीट सांगता येईल.

माझी लेक अकरा वर्षांची. साडेतीन वर्षांपूर्वी मैत्रिणीचं बघून 'लर्न टू स्केट'च्या वर्गात गेली आणि तिथेच रमली. गेल्या वर्षी स्केटिंग स्किल्सची पहिली टेस्ट, प्री-प्रिलिमिनरी, पास झाली. आता तीन आठवड्यांनी त्याच्या पुढची, प्रिलिमिनरीची टेस्ट आहे आणि मार्चमध्ये क्लबची स्पर्धा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. या टेस्टमध्ये उड्या नसतात, गिरक्या नसतात, गाणंही नसतं. ठरवून दिलेले पॅटर्न असतात, ते बर्फावर एकटीने करून दाखवायचे. ब्लेडची कड नीट लागते का, वेग टिकतो का, पाठ-मान-हात कसे आहेत, हे परीक्षक बघतात. पूर्वी याला 'मूव्ह्ज इन द फील्ड' म्हणायचे. अख्ख्या रिंकमध्ये फक्त ब्लेडचा खर्रर्र आवाज. कठड्याबाहेर उभं राहून तो ऐकताना माझ्याच पोटात गोळा येतो.

आता मूळ गोष्ट. आमची रिंक मुळात हॉकीची. हॉकीला बर्फ टणक लागतो म्हणून तो जास्त थंड ठेवतात, आणि फिगरवाल्या मुलींना पहाटे सहाला त्याच बर्फावर उतरावं लागतं. बाहेर जानेवारीत उणे वीस-पंचवीस, आत त्यामानाने बरं, पण हातांना ते पुरत नाही. मागच्या डिसेंबरात एकदा ती मध्येच स्केटिंग थांबवून कठड्यापाशी आली आणि काही न बोलता हात पुढे केले. डाव्या हाताची मधली तीन बोटं दुसऱ्या पेरापासून टोकापर्यंत खडूसारखी पांढरी. पेराशी रेघ मारल्यासारखी हद्द, त्याखाली हात नेहमीच्या रंगाचा. मी बोट दाबलं तर म्हणाली, "काहीच कळत नाहीये." गाडीत आल्यावर बोटं निळसर झाली, मग लालबुंद, आणि तेव्हा मात्र ती रडली. सुया टोचल्यासारखं होत होतं म्हणे. डॉक्टरांनी तपासून रेनॉडचा त्रास आहे, घाबरण्यासारखं नाही, हात गरम ठेवा, असं सांगितलं.

सरावाला ती जाड काळे लोकरीचे हातमोजे घालते. अडचण येते टेस्टची. मागच्या टेस्टला कोचने उतरायच्या आधी मोजे काढायला लावले. म्हणाली, परीक्षकांना हात दिसले पाहिजेत. लेक उतरली. वॉल्ट्झ एट (बर्फावर आठाचा आकडा काढायचा पॅटर्न) करताना हात पसरलेले हवेत, पण तिच्या दोन्ही मुठी वळलेल्या होत्या. पास झाली, पण कागदावर शेरा आला: हात ताठ आहेत, खांदे वर चढलेत. तिला तो शेरा फार लागला. "आई, मला हात माहीतच नव्हते कुठे आहेत ते," असं म्हणाली. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्या दिवशी तिन्ही परीक्षक पायघोळ कोट, मांडीवर घोंगडी आणि हातात जाड मोजे घालून बसले होते. त्यांनी तसं बसायलाच हवं, तासन् तास एका जागी बसायचं असतं त्यांना. पण मोजे इतके वाईट दिसत असतील का, असं मनात आलंच.

दुसऱ्या एका आईने तर सांगितलं की मोजे घातले की एक गुण कापतात. तिसरी म्हणते, काही कापत नाहीत, पण 'चांगलं दिसत नाही'.

मला ठाम कळायला हवं आहे. नियमात मनाई आहे का? टेस्टला एक आणि स्पर्धेला दुसरं असं आहे का? घालायचे तर कुठल्या रंगाचे, कुठल्या कापडाचे? आणि कोचशी हे कसं बोलावं? ती चांगली आहे, लेकीचा जीव आहे तिच्यावर, मला तिच्या डोक्यावर बसून काही करायचं नाही.


सोनटक्का (मिसिसागा)

रानजाई, आधी लेकीला शाबासकी सांगा. पहाटे सहाला त्या थंडीत उतरणं सोपं नाही.

माझी मोठी मुलगी आता स्टार ७ ला आहे, स्टार म्हणजे इथल्या टेस्टच्या पायऱ्या. कॅनडात पद्धत थोडी वेगळी. स्टार ५ पर्यंत स्वतःचा कोचच आपल्या क्लबात मूल्यमापन करतो, ६ पासून पुढे बाहेरचे मूल्यमापक येतात. तिने दोन्हीकडे मोजे घालून दिलंय, कुणी चकार शब्द काढला नाही.

तो 'एक गुण' कुठून आला ते मी सांगू शकते, कारण मीही त्याच्यामागे लागले होते. आंतरराष्ट्रीय नियमात पोशाखाबद्दल एवढंच आहे की तो शालीन आणि खेळाला साजेसा हवा, भडक-नाटकी नको, आणि हातात धरायच्या वस्तू चालत नाहीत. हातमोजा हातात घातलेला असेपर्यंत तो कपडाच. पण पोशाखाचा कुठलाही तुकडा स्पर्धेत बर्फावर पडला, पीस, फूल, केसातली पिन, मोजा, काहीही, तर १ गुण वजा होतो. कापतात तो पडल्याबद्दल, घातल्याबद्दल नाही. कारणही खरं आहे. वेगात येणाऱ्या ब्लेडखाली एक पिन आली तरी स्केटर जागच्या जागी उलटते. आमच्याकडे सरावात एका मुलीच्या ड्रेसचा खडा पडला होता, तो सापडेपर्यंत सगळ्यांना बाहेर काढलं होतं.

म्हणून मोजा घट्ट हवा, मनगटाच्या वर जाणारा, आणि ड्रेसच्या बाहीच्या आत खोचलेला. स्पर्धेला मी बाहीला आतून चार टाके घालते. नंतर उसवायचे. मोज्यात गरम पुड्या ठेवायच्या असतील तर त्या फक्त वाट बघताना, उतरायच्या आधी काढून घ्या. निसटून पडल्या तर तेच संकट.

रंगाचं सांगते, कारण इथे मी दोन वर्षं चुकले. दुकानात 'स्किन कलर' म्हणून जे मिळतं ते आपल्या मुलींच्या कातडीचं नसतं. फिकट गुलाबी मोजे आणि वर गव्हाळ दंड, लांबून हाताला पट्टी बांधल्यासारखं दिसतं. मी आता पांढरे पातळ नायलॉनचे ताणणारे मोजे घेते आणि चहाच्या पाण्यात रंगवते. मोठ्या पातेल्यात सात-आठ चहाच्या पिशव्या, पाणी उकळून गॅस बंद, मोजे भिजवून पिळून त्यात टाकायचे. दर पाच मिनिटांनी काढून हाताशी धरून बघायचं. ओले असताना एक छटा गडद दिसतात, ते लक्षात ठेवा. हवा तो रंग आला की चमचाभर व्हिनेगर घातलेल्या थंड पाण्यात बुडवून सावलीत वाळवायचे. माझ्या मुलीच्या हातावर आता मोजे आहेत हे तिसऱ्या रांगेतून कळत नाही.


धुळेकर (न्यू जर्सी)

मी स्वतः स्केटर आहे, तेही चाळिशी ओलांडल्यावर बर्फावर उतरलेला. मोठ्यांसाठीच्या वेगळ्या टेस्ट असतात, त्यातली ब्राँझ मी काळे हातमोजे घालून दिली आणि पास झालो. परीक्षक बाईंनी नंतर माझ्या गुडघ्यांबद्दल दहा मिनिटं समजावलं, मोज्यांबद्दल काही नाही.

नियमाचं सोनटक्का यांनी बरोबर सांगितलं. कुणी फारच अडून बसलं तर त्यांना २००६ ची तुरीनची ऑलिंपिक आठवून द्या. अमेरिकेचा जॉनी वीअर हंसाच्या वेशात उतरला होता आणि त्याच्या एकाच हातात लाल मोजा होता, हंसाची चोच म्हणून. त्या मोज्याला त्याने कमील असं नावसुद्धा दिलं होतं, आणि शॉर्ट प्रोग्राम म्हणजे पहिल्या, छोट्या फेरीनंतर तो दुसऱ्या क्रमांकावर होता. ऑलिंपिकच्या बर्फावर मोजा चालतो तर आपल्या लेकीच्या क्लबात का चालू नये?

पण ताई, कोचचं म्हणणं मी एकदम उडवून लावणार नाही. तिचा मुद्दा हातांच्या रेषेचा असावा. फिक्या बाहीच्या पुढे काळा मोजा आला की नजर तिथेच जाते आणि हात मनगटाशी तुटल्यासारखा दिसतो. स्पायरलमध्ये तर फारच. पाय मागे वर, अंग आडवं, हात दोन्ही बाजूंना, ती सगळी रेषा बोटांच्या टोकापर्यंत वाचली जाते. तिथे जाड लोकरीचा गोळा असेल तर बोटं कितीही सुंदर ठेवली तरी दिसत नाहीत. म्हणून 'मोजे हवेत' असं न म्हणता 'कुठले मोजे' असं तिच्याशी बोला. पातळ, अंगाच्या रंगाचे मोजे समोर ठेवा आणि लेकीला दोन्ही प्रकारे स्पायरल करायला सांगून तिलाच कठड्यावरून बघू द्या. कोच लोकांना डोळ्यांनी दिसलेलं पटतं.

दोन गोष्टी सरावातल्या. टेस्टला घालायचे तेच मोजे आतापासून, तीन आठवडे घाला. जाड मोजे काढून ऐन दिवशी पातळ घातले तर हात उघडे वाटतात, तोल जातो असंसुद्धा वाटतं. आणि बुटाच्या नाड्या आवळून झाल्यावरच मोजे चढवा. नाडीच्या आकड्यात अडकून अंगठ्याला भोक पडतं.

तिला पडायचंही शिकवलं असेल, तरी पुन्हा सांगा. पडल्यावर तळवा पसरून बर्फावर ठेवून राहायचं नाही. बोटं मुठीत घ्यायची, मग गुडघ्यावर यायचं. माझ्या डोळ्यांदेखत एका मुलाच्या पसरलेल्या हातापासून वीतभर अंतरावरून दुसऱ्याचं ब्लेड गेलं होतं. पातळ मोजा ब्लेड अडवत नाही, पण खरचटण्यापासून वाचवतो. आमच्याकडे दुपारी बर्फ खडबडीत होतो तेव्हा उघडा तळवा घासला की खवणीवर घासल्यासारखा होतो.

एक अपवाद. पुढे कधी ती पाय मागून डोक्यावर धरायची गिरकी शिकेल, बीलमन. डेनिस बीलमन या स्विस बाईंचं नाव आहे त्याला, १९८१ च्या जगज्जेत्या. त्यात ओलं ब्लेड हाताने धरायचं असतं आणि गुळगुळीत मोजा तिथे सटकतो. तेव्हा तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे लागतील किंवा उघडा हात. आत्ता त्याची काळजी नको.


अनवट (नाशिक)

मी डॉक्टर आहे, बर्फावर कधी पाय ठेवलेला नाही. पण तीन रंगांचं वर्णन तुम्ही अगदी अचूक केलंत म्हणून लिहावंसं वाटलं.

रेनॉडमध्ये बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या थंडीने आवळून बसतात. रक्त थांबतं म्हणून पांढरं, अडकलेल्या रक्तातला प्राणवायू संपतो म्हणून निळं, आणि रक्त परत धावतं तेव्हा लाल आणि ठणका. बारा-पंधरा वर्षांच्या मुलींत हे बऱ्यापैकी दिसतं आणि बहुतेकींना दुसरा कुठलाही आजार नसतो.

दोन गोष्टी लोक विसरतात. एक, मोजा ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवतो. गार पडलेल्या हातावर मोजा चढवून फारसं काही साधत नाही. घरातून निघतानाच हात गरम असताना घाला. आणि नुसते हात नाही, छाती, पोट, मान, मनगट. शरीराला आतून गार वाटलं की ते पहिल्यांदा बोटांचं रक्त तोडतं. ड्रेसच्या आत पातळ गरम बनियन आणि मनगटाला लोकरीची पट्टी यांनी मोज्याइतकाच फरक पडेल.

दुसरं, फक्त थंडी नाही, ताणानेसुद्धा रक्तवाहिन्या आवळतात. म्हणजे टेस्टच्या दिवशी तिला दुप्पट त्रास होणार हे गृहीत धरा. नाव पुकारण्याआधी पाच मिनिटं उभं राहून दोन्ही हात खांद्यापासून पवनचक्कीसारखे गोल फिरवायचे. रक्त बोटांकडे ढकललं जातं. बोटं पांढरी पडलीच तर कोमट पाणी किंवा स्वतःची काख. कढत पाणी अजिबात नको, बधिर कातडीला चटका कळत नाही.

बोटांच्या टोकाला जखमा झाल्या, सांधे दुखायला लागले किंवा त्रास कायम एकाच हाताला होऊ लागला तर मात्र पुन्हा डॉक्टरांना दाखवा. तुम्ही डाव्या हाताचं लिहिलंय, उजव्याला होतं का?


रानजाई

उजव्यालाही होतं, थोडं कमी. त्या दिवशी डावा जास्त दिसला एवढंच.

सगळ्यांचे मनापासून आभार. पवनचक्की आजपासून सुरू. क्लबात टेस्टचं काम बघणाऱ्या बाईंना मी दोन ओळींची मेल केली, त्यांचं लगेच उत्तर आलं: साधे, नीट बसणारे हातमोजे चालतील, आधी कळवल्याबद्दल धन्यवाद. इतकं सोपं होतं, आणि मी वर्षभर गप्प बसले.


पावशी (पुणे)

थोडं अवांतर, पण लिहिते. मी इथे लहान मुलींना रोलरवरचं आर्टिस्टिक स्केटिंग शिकवते. आमच्याकडे उलटं, तळव्याला घाम. दोन विद्यार्थिनींना गुरुग्रामला मॉलमधल्या बर्फाच्या रिंकवर घेऊन गेले होते, भारतात बर्फावर सराव करायचा तर अशाच मोजक्या जागा. तिथे पहिल्या अर्ध्या तासात दोघींचं एकच चाललं होतं, हात बगलेत. चाकांवर जे तीन वर्षं घोटून घेतलं होतं, कोपर सैल, तळवा खाली, मधलं बोट किंचित आत, ते सगळं थंडीने पुसलं गेलं. मी बाहेर जाऊन साध्या दुकानातून मोजे आणले तेव्हा कुठे हात परत आले.

रानजाई, तुमच्या लेकीच्या त्या वाक्याचा अर्थ मला शिकवणारी म्हणून पटला. हात कुठे आहे ते कळलं नाही तर खांदा त्याचं काम करायला वर येतो. शेरा खांद्यावर आला, दुखणं बोटांत होतं. हे तिच्या कोचला याच शब्दांत सांगून बघा.


रानजाई

काल टेस्ट झाली. कशी झाली ते सांगायला आले.

कोचशी बोलणं झालं. पावशी यांचं खांद्याचं वाक्य मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं, ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, दाखव मला. चहाने रंगवलेले मोजे आणि उघडे हात, दोन्हीने स्पायरल करून झाले. मोज्यांतले हात तिला जास्त आवडले. मागच्या वेळी हे विचारलं नाही याबद्दल तिने लेकीची माफी मागितली. मला भरून आलं.

सकाळी घरूनच मोजे, आत बनियन, मनगटाला पट्टी. पावणेसातला वॉर्म-अप, मग वीस मिनिटं बाहेर बाकावर. तिथे तिने दोनदा पवनचक्की केली. तिचं बघून शेजारची एक छोटीही करायला लागली, दोघींचे हात एकमेकींना लागत होते. नाव पुकारलं. मी कठड्यापासून लांब, काचेमागे.

स्पायरल इतके छान झाले की काय सांगू. हात लांब, बोटं सैल, खांदे खाली. पॉवर थ्री-टर्नमध्ये (एका पायावर वळायचा पॅटर्न) मात्र वेग राहिला नाही, एकदा पायाचं टोक टेकलं. तीनपैकी दोन परीक्षकांनी 'रीट्राय' दिला. म्हणजे पुन्हा द्यावी लागणार. तिन्ही कागद मी दोनदा वाचले. वळणाबद्दल आहे, गुडघा वाकत नाही याबद्दल आहे. हातांबद्दल एकाच कागदावर आहे: हातांची ठेवण सुरेख.

गाडीत ती रडली नाही. मोजे काढून मला बोटं दाखवली. टोकांना जराशी फिकट, बाकी गुलाबी. मग म्हणाली, "थ्री-टर्नचं मला कळलंय काय चुकतंय ते."

पुढची तारीख एप्रिलमध्ये मिळेल. स्पर्धा त्याआधी. ड्रेस गर्द निळा आहे, पूर्ण बाह्यांचा, तर सोनटक्का, एक विचारते: टाके बाहीच्या शिवणीवर घालायचे की आत? ताणणारं कापड आहे, हात वर केल्यावर ओढलं जाईल अशी भीती वाटते. आणि अंगठ्याला भोक पडलंच, नाड्यांनीच. आता दुसरी जोडी रंगवायला घेते.


सोनटक्का

शिवणीवरच घाला, आणि तिला हात पूर्ण वर करायला लावून, तसं उभं करूनच घाला. दोरा ढिला सोडा, वळणावळणाचा टाका घ्या म्हणजे कापडाबरोबर ताणेल. निळ्या ड्रेसला निळे मोजे शोधत बसू नका, चहाचेच ठेवा. या वेळी दोन जोड्या एकाच पाण्यात रंगवा, नाहीतर छटा जुळत नाही.